वनरक्षकाच्या हाती बंदूक द्यावी का?

अनिकेत, वरोरा
नोव्हेंबर 2021 मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेल्या एका वनरक्षक ताईंचा वाघिणीच्या हल्ल्यात जीव गेला. आपले बहुतेक बीटगार्ड, म्हणजे जंगलाचा ठरलेला भाग सांभाळणारे वनरक्षक, आजही काठी आणि टॉर्च घेऊन गस्त घालतात. आसामने 2010 मध्ये वनकर्मचाऱ्यांना शस्त्र चालवल्याबद्दल कायद्याचं संरक्षण दिलं. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत गोळीबार अनावश्यक ठरला तरच कारवाई. 2022 मध्ये तिथे एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. विदर्भातही हेच करा.

मीनाक्षी, सिंदेवाही
अनिकेतभाऊ, त्या ताईंनी वाघिणीवर गोळी झाडायची होती का? आसामच्या काझीरंग्यात गेंड्याच्या शिंगासाठी हत्यारबंद टोळ्या येतात. आमच्याकडे रानडुकरांसाठी शेताच्या कुंपणात करंट सोडतात आणि त्यात वाघ मरतो. तार लावणारा गावातलाच, गार्डच्या ओळखीचा. त्याच्यावर बंदूक रोखायची? मे 2025 मध्ये आमच्या तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. पहाटे गावात येऊन ‘आज त्या बाजूला जाऊ नका’ सांगणारा गार्ड आम्हाला हवा आहे.

अनिकेत, वरोरा
आणि रात्री सागवान तोडणारी टोळी समोर आली तर? तिलाही समजावत बसायचं?

निवृत्त वनपाल
टोळीसाठी सशस्त्र फिरतं पथक असावं, त्याला माझा विरोध नाही. बीटगार्डचं काम निराळं. वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा काढणं, पाणवठे भरणं, वणवा विझवणं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे भरपाईसाठीचा पंचनामा. वाघाच्या हल्ल्यात माणूस दगावला तर 25 लाख मिळतात, त्याची बातमी होते. वाघाने गाय मारली तर पंचनाम्याला गार्ड कधी पोचतो, हे कुणी विचारत नाही. तो वेळेत आला नाही, पैसे अडकले, की पुढच्या वेळी गुराखी खात्याला कळवत नाही. मेलेल्या गाईवर विष टाकतो. मग वाघीण, बछडे, कोल्हे, सगळेच जातात. इथे बंदूक काय करणार?

अनिकेत, वरोरा
काका, विषाचं पटलं. पण फिरतं पथक येईपर्यंत बीटवर तोच एकटा असतो. त्याच्या जिवाचं काय?

मीनाक्षी, सिंदेवाही
म्हणूनच एकट्याला पाठवू नका. रिकाम्या जागा भरा. सोबतच्या रोजंदारीच्या वनमजुराला कायम करा, गस्तीत त्याचाही जीव तितकाच धोक्यात असतो. बंदुकीचा खर्च आधी तिथे करा, एवढंच माझं म्हणणं आहे.