मदत हवी आहे: सायक्लोपामीन देऊनही ग्लाय-१ खाली येत नाही

नमस्कार मंडळी,

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे आणि गेले तीन आठवडे एकाच जागी अडकलेय. उंदराच्या एनआयएच-३टी३ या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या पेशींमध्ये हेजहॉग सिग्नलिंग (गर्भाच्या घडणीत पेशींना निरोप देणारी यंत्रणा) बंद करून पाहायचंय, म्हणून ते अडवणारं सायक्लोपामीन मागवलं. हा विषय मी घेतला तो आयडाहोच्या कोकरांमुळे. १९५०च्या दशकात तिथल्या कळपांत एकडोळी कोकरं जन्मत होती. गाभण मेंढीने चौदाव्या दिवसाच्या सुमारास व्हेराट्रम कॅलिफोर्निकम, म्हणजे तिकडची कॉर्न लिली, खाल्ली की असं व्हायचं. त्या झाडातलं अल्कलॉइड म्हणजेच सायक्लोपामीन. ते गर्भातल्या हेजहॉगचा निरोप अडवतं हे १९९८ मध्ये कळलं, आणि तो निरोप पुढे नेणाऱ्या स्मूदन्ड प्रथिनाला ते थेट चिकटतं हे २००२ मध्ये. वाचलं तेव्हापासून डोक्यातून गेलं नाही.

आता अडचण. १० टक्के सिरम (पेशींच्या खाद्यात घालतात तो रक्तद्रव) असताना ५ मायक्रोमोलर दिलं, ४८ तास ठेवलं. जीन किती चालू आहे हे मोजणाऱ्या क्यूपीसीआरमध्ये ग्लाय-१चा (हेजहॉग चालू असला की वाढणारा जीन) सीटी सगळीकडे ३४च्या आसपास (सीटी जितका जास्त तितका जीन कमी चालू), औषधाविना नुसतं इथेनॉल दिलेल्या प्लेटच्या खणांमध्येसुद्धा. १० मायक्रोमोलरला बऱ्याच पेशी सुटून तरंगायला लागल्या आणि मायक्रोस्कोपखाली बारीक सुयांसारखे स्फटिक दिसले. सीनियर म्हणतात, अमाइन आहे, थोडं हायड्रोक्लोरिक ॲसिड घालून विरघळव. घालू का?

आणखी एक. आमच्या लॅबमधली मैत्रीण चार महिन्यांची गरोदर आहे आणि वजनकाटा सगळ्यांचा एकच. तिची मला खरंच काळजी वाटते.

प्रतिसाद १

ताई, ॲसिड अजिबात घालू नका. तीव्र ॲसिडमध्ये सायक्लोपामीन टिकत नाही, त्याचं व्हेराट्रामीन होतं, आणि मग तुम्ही भलतंच औषध देत बसाल. इथेनॉलच बरं. फ्रीजरमधून काढल्यावर स्टॉक (औषधाचं दाट द्रावण) ३७ अंशांना गरम करा, व्होर्टेक्स करा (यंत्रावर घुसळा), पूर्ण नितळ दिसल्याशिवाय पिपेट लावू नका. मग कोमट मीडियात (पेशींच्या खाद्यद्रवात) थेंबाथेंबाने, हलवत हलवत.

वजन करूच नका. १ मिलिग्रॅमची कुपी असेल तर हूडमध्ये तिच्यातच २४३ मायक्रोलिटर इथेनॉल घाला, १० मिलिमोलर स्टॉक तयार. पावडर बाहेर येतच नाही. मैत्रिणीला सांगून ठेवा, तिने या कुपीला, प्लेटला, कचऱ्याच्या डब्यालाही हात लावायचा नाही. डब्यावर तसं ठळक लिहा.

प्रतिसाद २

खरी गोम सीटी ३४मध्ये आहे. तुमच्या पेशींत हेजहॉग चालूच नाही. जो दिवा लागलेलाच नाही तो विझवणार कसा? पेशी गच्च भरू द्या, मग सिरम ०.५ टक्क्यावर आणा. सिरम भरपूर असलं की पेशी विभागत राहतात, प्रायमरी सिलिया (पेशीवरचे केसासारखे तंतू) नीट उभ्या राहत नाहीत, आणि हा निरोप तर सिलियातूनच जातो. त्यावर सॅग हा स्मूदन्डचा ॲगोनिस्ट, म्हणजे त्याला चालू करणारं रसायन, १०० नॅनोमोलर द्या, ग्लाय-१ वर चढेल. मग सायक्लोपामीनने तो उतरतो का पाहा. कंट्रोल म्हणून टोमॅटिडीन ठेवा: बांधणी जवळजवळ तशीच, पण हेजहॉगला रोखत नाही. १० मायक्रोमोलरला पेशी मेल्या म्हणून हेजहॉग बंद झाला असं कृपया धरू नका, त्या डोसला इतर कारणांनीही मरतात.

मूळ प्रश्नकर्ती, सोळा दिवसांनी

दोघांचे मनापासून आभार. सॅग दिल्यावर सीटी २७वर आला. पहिल्यांदाच! ५ मायक्रोमोलर सायक्लोपामीनसोबत ३१, टोमॅटिडीनसोबत २७च. तुलनेसाठी घेतलेला हाउसकीपिंग जीन सगळीकडे सारखा आहे. स्फटिकही नाहीत. कुपी आता वेगळ्या डब्यात, कुलपात असते, आणि मैत्रिणीची बाकाची जागा गाईडनी स्वतःहून दुसऱ्या खोलीत हलवली.

आता सायक्लोपामीनचा १०० नॅनोमोलरपासून डोस-कर्व्ह (वाढत्या डोसला किती परिणाम होतो त्याचा आलेख) करायचाय. सिरम उतरवल्यावर किती तासांनी सॅग घालता तुम्ही? मी लगेच घातलं होतं.