शब्दचर्चा : ‘टॅक्स भरला’ म्हणजे नेमकं काय भरलं?

एडिसन, न्यू जर्सी

रविवारी सांगलीला व्हिडिओ कॉल चालू होता. सासूबाईंनी विचारलं, "टॅक्स भरला का गं?" मी म्हटलं, "नाही अजून, पुढच्या आठवड्यात." मागून नवरा ओरडला, "भरलाय की! दर पगारात कापतात." बरोबर दोघंही होतो. मी फॉर्मचं बोलत होते, तो पैशांचं. सासरे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. त्यांनी निकाल दिला, "तू विवरणपत्राचं म्हणतेयस, तो कराचं." आणि लगेच, "मग परतावा किती?"

त्या ‘परताव्या’वर माझी गाडी अडली. मोबाइलवर इथल्या करावरचं एक पान मराठीत करून वाचलं, तर तिथे रिटर्नही ‘कर परतावा’ आणि रिफंडही ‘कर परतावा’. म्हणजे परतावा भरला की परतावा मिळतो.

आमची गोष्ट अशी. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी १२ ऑक्टोबर २०२४ ला एच-४ या त्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आले. सप्टेंबरपर्यंत पुण्यात नोकरी करत होते. २०२४ चा रिटर्न दोघांचा एकत्र करायचाय. त्यासाठी वाचताना रेसिडेंट, इलेक्शन, डिपेंडंट, वर्ल्डवाइड इन्कम असे शब्द येतात. इंग्रजीत वाचले की कळल्यासारखं वाटतं, आणि सासऱ्यांना मराठीत सांगायला गेले की काहीच कळलेलं नव्हतं हे कळतं. चांगले मराठी शब्द सुचवा.

पुणे

चाळीस वर्षं हिशेब तपासतोय, म्हणून आधी बोलतो. रिटर्न म्हणजे विवरणपत्र, रिफंड म्हणजे परतावा. वर्तमानपत्रंसुद्धा ‘आयकर परतावा भरण्याची मुदत’ असं छापतात, पण परतावा भरत नसतात, तो मिळतो. मिळाला तर. त्यात म्युच्युअल फंडवाल्यांनी गुंतवणुकीवरच्या नफ्यालाही परतावाच म्हणायला सुरुवात केली, म्हणजे एका शब्दावर तिघांनी हक्क सांगितला.

इंग्रजी ‘रिटर्न’मध्ये पैसे परत यायचे नाहीतच. सरकारने विचारलेल्या माहितीचं उत्तर लिहून कागद परत करायचा, तो रिटर्न. ‘विवरणपत्र’ने परत करण्याचं सोडून माहितीचं अंग पकडलं, आणि ते जास्त शहाणपणाचं झालं.

‘भरणे’चं मात्र काही करता येणार नाही. पाणी भरतो, दंड भरतो, फॉर्म भरतो, आठवडी बाजार भरतो, शाळा भरते. कर भरतो आणि विवरणपत्र ‘दाखल करतो’ असं म्हणावं, घोळ मिटतो.

एका ठिकाणी मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. पगारातून पैसे जातात ती कपात, उत्पन्नातून रक्कम वजा करून मग कर मोजतात ती वजावट. इंग्रजीत दोन्हीला डिडक्शन म्हणता येतं. तेव्हा स्टँडर्ड डिडक्शनला ‘प्रमाणित वजावट’ म्हणा, कपात म्हणू नका.

ऑस्टिन

इथे आम्ही ‘टॅक्सेस केले’ म्हणतो. ‘तुमचे टॅक्सेस झाले का?’ ‘दिवाळीचे लाडू झाले का?’ याच चालीवर. शुद्ध नाही, पण भरणेचा घोळ होत नाही.

मला ‘एक्झेम्प्ट’ या शब्दाबद्दल सांगायचंय, कारण त्याने आमच्यातल्या एकाला बुडवलं. एफ-१ या शिक्षणाच्या व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं ‘एक्झेम्प्ट इंडिव्हिज्युअल’ म्हणतात. आमच्या मित्राने वाचलं ‘करमुक्त व्यक्ती’. अर्थ तो नाही. त्याचे इथले दिवस मोजत नाहीत, एवढंच. कर लागतोच. मराठीत ‘मोजणीतून वगळलेला’ म्हटलं असतं तर तो फसला नसता.

मोजणी अशी: चालू वर्षाचे सगळे दिवस, मागच्या वर्षाचे एक तृतीयांश, त्याच्या मागच्याचे एक षष्ठांश. बेरीज १८३ झाली आणि चालू वर्षात किमान ३१ दिवस असले की तुम्ही करापुरते रेसिडेंट. तो ऑगस्ट २०२१ मध्ये आला. ते अर्धंमुर्धं वर्षसुद्धा अख्खं धरतात, म्हणून २०२१ ते २०२५ वगळलेली.

पुढची गंमत म्हणजे त्याने लग्न केलं, बायको एफ-२ या विद्यार्थ्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर आली, आणि सॉफ्टवेअरमध्ये ‘मॅरीड’वर टिचकी मारून दोघांचा मिळून १०४०, म्हणजे रेसिडेंटचा विवरणपत्राचा फॉर्म, पाठवला. दोघंही नॉनरेसिडेंट! त्यांचा फॉर्म १०४०-एनआर, त्यात जोडीची सोयच नाही. मग १०४०-एक्स वर दुरुस्ती, आणि बायकोची बोलणी वेगळी.

एडिसन (प्रश्नकर्ती)

म्हणजे माझे २०२४ मधले दिवस ८१. एच-४ चे दिवस मोजतात, पण ८१ ने काही होत नाही, मी नॉनरेसिडेंट. नवरा रेसिडेंट. आणि भारतात एप्रिलपासून १८२ च्या वर दिवस राहिले, म्हणून तिकडे मी ‘निवासी’. दोन्ही देशांत राहिले आणि एकाच देशाने मानलं! या रेसिडेंटला काय म्हणायचं? तात्पुरता व्हिसा असलेल्या माणसाला ‘निवासी’ म्हणताना जीभ अडखळते.

नाशिक

आपल्याकडे तीन शब्द आहेत आणि तिघांचे दाखले वेगळे. रहिवासी म्हणजे जो तिथे राहतो. अधिवास म्हणजे डोमिसाइल, कायमचं ठिकाण. कॉलेजच्या प्रवेशाला ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ काढताना तहसीलच्या चकरा मारल्यात त्यांना सांगायला नको. निवासी हा करकायद्यातला, दिवस मोजून ठरणारा. ‘अनिवासी भारतीय’ आपण सहज म्हणतोच ना? तुम्ही ‘करापुरती निवासी’ म्हणा. ‘पुरती’ या चार मात्रांत तात्पुरता व्हिसाही येऊन जातो.

इथल्या करकायद्यातल्या ‘रेसिडेंट एलियन’चं (करापुरता निवासी परदेशी) शब्दशः भाषांतर मात्र करू नका. यंत्र त्याचा ‘निवासी परग्रहवासी’ करतं.

शिकागो

इलेक्शनचंही तेच. ‘तुम्ही व तुमचा जोडीदार निवडणूक करू शकता.’ चिन्ह कुठलं? इथे शब्द ‘पर्याय’ हवा. वर्षाच्या शेवटच्या दिवशी एक जण रेसिडेंट आणि दुसरा नॉनरेसिडेंट असेल, तर दुसऱ्यालाही अख्ख्या वर्षासाठी रेसिडेंट धरावं असा पर्याय घेता येतो. तसं निवेदन लिहून, दोघांनी सही करून, विवरणपत्राला जोडायचं. २०२४ साठी जोडीची प्रमाणित वजावट २९,२०० डॉलर, वेगळं दाखल केलं तर नवऱ्याला १४,६००. म्हणून लोक तिकडे धावतात.

पण पर्याय घेतला की तुमचा पुण्याचा जानेवारी ते सप्टेंबरचा पगार, मुदतठेवीचं व्याज, सगळं इथे दाखवायचं. ‘जागतिक उत्पन्न’ म्हणू नका, ते ऐकून वाटतं साऱ्या जगाचं उत्पन्न मोजताहेत. ‘सगळीकडचं उत्पन्न’ म्हणा. भारतात भरलेल्या कराचं श्रेय, म्हणजे इथल्या करात सूट, फॉर्म १११६ वर मागता येतं. नवऱ्याचं भारतात एनआरई (अनिवासी भारतीयांचं) खातं असेल तर तेही विचारा. त्याचं व्याज ‘करमुक्त’ असतं ते भारतात, इथे नाही. करमुक्त शब्दापुढे कुणाच्या करातून ते लिहायची सक्ती हवी.

आणि हा पर्याय एकदा घेऊन मग सोडला तर दोघांपैकी कुणालाच पुन्हा घेता येत नाही.

एडिसन (प्रश्नकर्ती)

डिपेंडंट राहिला. व्हिसाच्या कागदावर मी डिपेंडंट. म्हटलं चला, निदान विवरणपत्रात त्याचा काही फायदा होईल. तर नियम असा की नवरा किंवा बायको कधीच डिपेंडंट धरत नाहीत! सासऱ्यांच्या सरकारी मराठीत ‘अवलंबित’ आहे, आईच्या तोंडी ‘आश्रित’ येतं. आश्रित मला चालणार नाही, आधीच सांगते.

पुणे

अवलंबित ठेवा. आश्रितात उपकार आहे. व्हिसापुरती अवलंबित, करापुरती जोडीदार. ‘पुरता’ हा शब्द आज भलताच राबतोय.

मडगाव

‘जॉइंट’वर कुणी बोललं नाही. भारतात नवरा-बायकोचं एकत्र विवरणपत्र नसतंच, त्यामुळे शब्दही रुजला नाही. आम्हां गोंयकारांची तऱ्हा त्याहून वेगळी. पोर्तुगीज दिवाणी कायद्याखाली पतिपत्नीची मालमत्ता सामाईक, म्हणून १९६१ च्या आयकर कायद्यात आमच्यासाठी कलम ५अ घातलं होतं. पगार ज्याचा त्याचा, बाकीचं उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं, आणि विवरणपत्रं मात्र दोन. उत्पन्न सामाईक, कागद वेगळे. तुमच्याकडे कागद एक, म्हणून ‘सामाईक’ नको, ‘संयुक्त’ घ्या.

शिकागो

संयुक्त खात्याशी गल्लत होईल. बँकेत दोघांपैकी एकाची सही बहुधा चालते, इथे दोघांचीही लागते. आणि कर थकला तर पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागता येते. कायद्याच्या मराठीत ‘संयुक्तपणे व पृथकपणे जबाबदार’.

नाशिक

मग ‘जोडीने’ म्हणा. सत्यनारायणाला जोडीने बसतात तसं.

एडिसन (प्रश्नकर्ती)

जोडीने! पसंत. तसंच झालं. माझा सोशल सिक्युरिटी नंबर नाही, म्हणून आयटीआयएनसाठी, म्हणजे तो नसलेल्यांच्या करक्रमांकासाठी, डब्ल्यू-७ हा अर्ज विवरणपत्राबरोबरच कागदावर पाठवायचा होता. पासपोर्ट टपालात टाकायला मन होईना, तेव्हा तो तपासून प्रमाणित करणारा अधिकृत एजंट गाठला. काल रात्री जेवणाच्या टेबलावर दोघांनी सह्या केल्या, आधी विवरणपत्रावर, मग पर्यायाच्या निवेदनावर. नवऱ्याची सही रेषेबाहेर गेली, पण चालतं म्हणाला.

आज सांगलीला लिहून टाकलं: "विवरणपत्र जोडीने दाखल केलं. कर पगारातून आधीच कापलेला होता. परतावा यायचाय."

सासऱ्यांचं दोन मिनिटांत उत्तर: "टपालाची पोचपावती घेतलीस ना?"