अशिलांची प्राप्तिकराची कागदपत्रे कशी लावावीत?

विचारणा (दादर)
नमस्कार. आमचे सीएचे लहान कार्यालय आहे. विवरणपत्र मदतनीस तयार करतात आणि अंतिम तपासणी माझ्याकडे असते. फॉर्म १६ (मालकाने दिलेला पगाराचा व कापलेल्या कराचा दाखला) हाती येईपर्यंत जूनचा मध्य उलटतो आणि तिथून ३१ जुलैपर्यंत पगारदार अशिलांची कागदपत्रे कधी व्हॉट्सॲपवर, कधी ईमेलने, तर कधी पिशवीत भरून येत राहतात. आम्ही प्रत्येकाच्या नावाचे एक फोल्डर करून सगळे त्यात ठेवतो. परंतु तपासताना आकडा कोणत्या कागदावरून घेतला, हे शोधण्यातच वेळ जातो. आपण काय करता?

उत्तर (मुलुंड)
फोल्डरची विभागणी विवरणपत्राच्याच क्रमाने करावी: पगार, घरमिळकत, भांडवली नफा, इतर उत्पन्न, वजावटी आणि शेवटी भरलेला कर. मात्र तपासणीचा वेळ खरा वाचतो तो कॉम्प्युटेशनमध्ये (उत्पन्न व कराच्या हिशेबात) प्रत्येक आकड्याशेजारी त्याच्या कागदाचे नाव लिहिल्याने, आणि हे काम आकडा भरणाऱ्यानेच त्याच वेळी करायला हवे.

अशिलाला यादी पाठवण्यापूर्वी प्राप्तिकर खात्याच्या पोर्टलवरून त्याचे एआयएस (वार्षिक माहिती विवरण) आणि २६एएस (त्याच्या नावे जमा झालेल्या कराचा तक्ता) उतरवून घ्यावे. बचत खात्याचे व्याज, लाभांश, समभागांची विक्री हे त्यात दिसत असल्याने छापील सरसकट यादीऐवजी नेमके काय हवे ते मागता येते. अर्थात एआयएस म्हणजे अंतिम शब्द नव्हे. संयुक्त खात्याचे सगळे व्याज पहिल्या खातेदाराच्या नावे दिसू शकते आणि समभागांच्या खरेदी किमतीसाठी ब्रोकरचे भांडवली नफ्याचे विवरण पाहावेच लागते.

मुंबईत घरमिळकतीचा कप्पा विशेष काळजीने भरावा. भाड्याने दिलेल्या सदनिकेचा लिव्ह अँड लायसन्स करार असतो, पण मालमत्ता कराची पावती बहुधा नसते, कारण तो कर सोसायटीच्या बिलात एका ओळीत येतो. मालकाने वर्षभरात प्रत्यक्ष भरलेल्या मालमत्ता कराचीच वजावट मिळत असल्याने सोसायटीची बिले आणि पावत्या दोन्ही मागवाव्यात. इमारत पुनर्विकासाला गेली असेल, तर विकासकाशी झालेला करारही तिथेच ठेवावा, म्हणजे बँक खात्यात दरमहा जमा होणारी रक्कम कसली, हे तपासणाऱ्याला विचारावे लागत नाही.

उत्तर (बोरिवली)
वरील पद्धत योग्य आहे, तरी एक भर घालतो. आकलन वर्ष २०२४-२५ पासून (म्हणजे २०२३-२४ च्या उत्पन्नापासून) वेगळी निवड न केल्यास नवी करप्रणालीच लागू होते. तरीही अनेक कार्यालये सर्वांकडून ८०सीच्या (विमा, पीएफ अशा गुंतवणुकींवरील, फक्त जुन्या प्रणालीत मिळणाऱ्या वजावटीच्या) पावत्या गोळा करतात, हे मला अनाठायी श्रम वाटतात. आधी ढोबळ तुलना करावी आणि जुनी प्रणाली फायद्याची ठरेल तिथेच पावत्या मागवाव्यात. तिथे घरभाड्याची सूट असेल आणि वार्षिक भाडे १ लाख रुपयांच्या वर असेल, तर घरमालकाचा पॅन पहिल्याच निरोपात मागावा; तो मिळायला सर्वाधिक वेळ लागतो.

विचारणाकर्ती
दोघांचेही आभार. विवरणपत्राला कागद जोडायचे नसतातच. मग दरवर्षी लागणारे घराचे जुने दस्तऐवज कुठे ठेवावेत?

उत्तर (मुलुंड)
प्रत्येक अशिलाची एक कायम फाइल वेगळी करावी. तीत खरेदी करार, इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा उतारा), मुद्रांक शुल्क व नोंदणीच्या पावत्या, कर्जमंजुरीचे पत्र आणि घरात केलेल्या सुधारणांची तारखेसह बिले असावीत. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले घर निवासी व्यक्तीने विकल्यास दीर्घकालीन नफ्यावरील कर निर्देशांकासह (महागाईनुसार खर्चाची रक्कम वाढवून) २० टक्के आणि निर्देशांकाविना १२.५ टक्के अशा दोन्ही रीतींनी काढून कमी येईल तो घेता येतो. पहिल्या हिशेबाला खर्च कोणत्या वर्षी झाला हे कळावे लागते. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल, तर त्या तारखेच्या मूल्याचा मूल्यांकन अहवालही तीतच ठेवावा.