अनुभव धागा : दोन औषधांत अंतर ठेवलं की भागतं का?

दोन गोळ्या थोड्या अंतराने घेतल्या की काम झालं, असं बहुतेकांना वाटतं. काही जोड्यांत ते खरं आहे, काहींत अजिबात नाही. औषधं लिहिणाऱ्या, देणाऱ्या आणि तपासण्या करणाऱ्यांनी आपापल्या कामातलं नेमकं इथे लिहावं. वाचून कुणीही चालू औषध परस्पर बंद करू नये, ही कळकळीची विनंती.

*

अंतराने भागतं तिथून सुरुवात करते. थायरॉईडची गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. कॉफी, नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. कॅल्शियम आणि लोह मात्र ४ तासांनी. ती गोळीला पोटातच बांधून ठेवतात. मग टीएसएच (रक्ततपासणीतला आकडा, थायरॉईडची गोळी कमी पडली की वाढतो) वाढलेला दिसतो, डोस वाढवला जातो आणि पुढे कॅल्शियम थांबलं की तोच डोस जास्त होऊन छातीत धडधडतं. डोस वाढवण्याआधी कॅल्शियम कधी घेता, हे विचारायलाच हवं.

*

सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकचंही तसंच. अँटासिड, झिंक, लोह यांच्या २ तास आधी किंवा ६ तासांनी.

*

ग्रेपफ्रूटच्या रसाला अंतराचा नियम चालत नाही. आतड्याच्या अस्तरातलं, औषधं मोडणारं सीवायपी३ए४ हे एन्झाइम तो निकामी करतो आणि नवं तयार व्हायला १ ते ३ दिवस लागतात. सकाळी रस, रात्री कोलेस्टेरॉलवरचं सिम्व्हास्टॅटिन, तरी औषधाची रक्तातली पातळी चढतेच. त्याच गटातल्या रोसुव्हास्टॅटिनला हा त्रास जवळजवळ नाही. क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिकही हेच एन्झाइम अडवतं, म्हणून त्याचा कोर्स चालू असेपर्यंत डॉक्टर सिम्व्हास्टॅटिन थांबवतात. स्नायू दुखायला लागले आणि लघवी गडद झाली तर त्याच दिवशी दाखवा.

*

याच्या नेमकं उलट क्षयरोगावरचं रिफॅम्पिसिन. ते एन्झाइम वाढवतं, त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या निष्प्रभ ठरू शकतात. रिफॅम्पिसिन बंद केल्यावरही ४ आठवडे दुसरं साधन हवं. सेंट जॉन्स वर्ट हे वनस्पतिजन्य पूरकही असंच वागतं, पण ‘नैसर्गिक’ म्हणून त्याचं नाव कुणी डॉक्टरांना सांगतच नाही.

*

वॉरफरिन (रक्ताच्या गुठळ्या होऊ न देणारं औषध) घेणाऱ्यांनी हिरव्या पालेभाज्या सोडू नयेत, प्रमाण रोज साधारण सारखं ठेवावं. मेट्रोनिडाझोल किंवा कोट्रायमोक्साझोल ही जंतुनाशकं सुरू झाली तर ३ ते ५ दिवसांत आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) तपासावा. आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाचा धोका या आकड्यात दिसत नाही. आयएनआर ठीक असूनही पोटात रक्तस्राव होतो. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर थेट रुग्णालय गाठा.

*

प्रयोगशाळेच्या बाजूने एक भर. केसांसाठीच्या गोळ्यांत ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन (एक जीवनसत्त्व) असतं. रोजची गरज सुमारे ३० मायक्रोग्रॅम. औषधाशी त्याचं भांडण नाही, पण काही यंत्रांवर त्यामुळे टीएसएच खोटा कमी येतो. रक्त देण्याआधी किमान २ दिवस ते बंद हवं. हृदयविकाराचा झटका ओळखण्यासाठी तपासतात तो ट्रोपोनिनही खोटा कमी येऊ शकतो आणि छातीत दुखत असलेल्या माणसाला २ दिवस थांबवता येत नाही. तिथे बायोटिन घेतल्याचं दारातच सांगा.