ब्रन्सन नशिबाने स्टार झाला?

काही जण म्हणतात की NBA (अमेरिकन बास्केटबॉल लीग) मधला जेलन ब्रन्सन न्यूयॉर्क निक्स टीमच्या सिस्टीममुळे मोठा झाला, नाहीतर तो ड्राफ्टच्या (म्हणजे टीम्स नवे प्लेयर निवडतात त्याच्या) सेकंड राउंडचाच प्लेयर. अजिबात पटलं नाही. अहो, हा माणूस व्हिलानोव्हा कॉलेजकडून तीन वर्षं खेळला, त्यात 2016 आणि 2018 अशी दोन नॅशनल टायटल्स, 2018 ला कॉलेजमधला बेस्ट प्लेयर, आणि तरी ड्राफ्टमधे 33वा! का, तर उंची सव्वासहा फुटाच्या आत, उडी फार नाही, वय 21, म्हणजे ड्राफ्टच्या मानाने जास्तच. निक्सच्या आधी डॅलस टीममधे, तिथला स्टार लुका डॉन्चिच जखमी असताना 2022 च्या प्लेऑफमधे युटाविरुद्ध 41 पॉइंट मारले, तेव्हा निक्स कुठे होतं मधे?

त्याचं फुटवर्क एकदा नीट बघा. पेंटमधे (बास्केटसमोरच्या भागात) शिरतो, दोन्ही पायांवर थांबतो, पंप फेक (शॉट मारायचं नुसतं नाटक), डिफेंडर हवेत गेला की हा आरामात डाव्या हाताने शॉट टाकतो. ही व्हिलानोव्हात कोच जे राइटने घोटून घेतलेली गोष्ट आहे, न्यूयॉर्कला गेल्यावर शिकलेला नाही तो. 2025 च्या प्लेऑफमधे डेट्रॉइटविरुद्ध सहाव्या मॅचमधे ऑसर थॉम्पसनसारख्या डिफेंडरचा तोल घालवून 4.3 सेकंद राहिलेले असताना थ्री (तीन पॉइंटचा लांबचा शॉट) मारला आणि सिरीजच संपवली, मी तर ओरडलोच.

आणि 2024 ला एक वर्ष थांबला असता तर जवळपास 11 कोटी डॉलर जास्त मिळू शकत होते, तरी निक्सच्या नव्या करारावर लवकर सही केली, टीमला बाकीचे प्लेयर घेता यावेत म्हणून. असा कॅप्टन कुठल्याही टीमला हवाच असतो.