मेलबर्न डेमन्सचा सर्वात मोठा रकमन कोण? स्टाइन्स की गॉन?

निनाद_लालनिळा
एमसीजीवर क्रिकेट बघायला गेलेल्यांनी बाहेरचे पुतळे पाहिले असतील. ब्रॅडमन, वॉर्न आणि त्यांच्यासोबत जिम स्टाइन्स. हा क्रिकेटचा नव्हे, ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचा गडी, आणि माझ्या मते मेलबर्न क्लबचा आजवरचा सर्वश्रेष्ठ रकमन. (नवीन वाचकांसाठी: पंच चेंडू वर उडवतो, दोन्ही संघांचा एकेक उंच गडी उडी मारून तो आपल्या मिडफिल्डरकडे थापटतो. ते काम रकमनचं.)

स्टाइन्स डब्लिनचा. गेलिक फुटबॉल खेळत वाढला, १९८४ मध्ये मेलबर्नला आला, १९८७ मध्ये पहिला सामना खेळला आणि १९९१ मध्ये ब्राउनलो पदक घेतलं. लहानपणी हा खेळ न खेळलेल्या माणसाने लीगमधल्या सर्वोत्तम खेळाडूचं पदक जिंकलं! सलग २४४ सामने खेळण्याचा त्याचा विक्रम आहे, एकूण सामने २६४. त्याच्या आधी रकमनने टॅप करावा (चेंडू थापटावा), मग धापा टाकत मागून यावं, असाच रिवाज होता. स्टाइन्स टॅप झाला की मिडफिल्डरच्या बरोबरीने धावायचा, तिकडे मोकळा उभा राहायचा आणि चेंडू परत घ्यायचा. प्रतिस्पर्धी रकमनला मग त्याच्यामागे धावण्याशिवाय पर्याय नसे. तिसऱ्या क्वार्टरपर्यंत त्या बिचाऱ्याचे पाय जड व्हायचे, आणि तिथून पुढे टॅपही स्टाइन्सचेच.

यारा_काठ
निनाद, स्टाइन्सबद्दल आदर आहेच, पण उत्तर मॅक्स गॉन आहे. २०२१ मध्ये कर्णधार म्हणून त्याने प्रीमियरशिप (लीगचं विजेतेपद) आणली, १९६४ नंतरची पहिली. २०१८ ते २०२२ सलग पाच वर्षं ऑल-ऑस्ट्रेलियन संघात (त्या वर्षीच्या सर्वोत्तम खेळाडूंचा मानाचा संघ).

उंची (२०८ सेंमी) सगळ्यांना दिसते, तिचा वापर कुठे होतो ते बघा. विरोधी संघाचा बिहाइंड (गोल थोडक्यात हुकल्यावर मिळणारा एक गुण) झाला की मेलबर्नचा बचावपटू गोलसमोरून किक मारतो. मधून मारली आणि हुकली तर थेट गोल बसतो, म्हणून ती बाउंड्रीच्या कडेने लांब मारतात. तिथे गॉन उभा. त्याने मार्क (किकचा हवेतला झेल) पकडला तर चेंडू आपला. नाही पकडला तरी तो मुठीने बाहेर ढकलतो, मग बाउंड्री थ्रो-इन होतो (पंच चेंडू पुन्हा मैदानात फेकतो) आणि थ्रो-इनला पुन्हा गॉनच. प्रतिस्पर्ध्याने काय करायचं सांगा! किक कितीही वाईट पडली तरी बचाव फुटत नाही, हे संरक्षण स्टाइन्सच्या काळात मेलबर्नकडे या पातळीवर नव्हतं.

आणि मोठे सामने? २०२१ ची प्रिलिमिनरी फायनल (अंतिम सामन्याआधीचा बाद सामना), समोर गीलाँग, पर्थचं मैदान: गॉनचे पाच गोल. रकमनचे पाच! त्याआधी शेवटच्या साखळी फेरीत याच गीलाँगविरुद्ध वेळ संपल्याच्या सायरननंतरच्या किकवर गोल करून सामना जिंकून दिला, तोही ४४ गुणांनी मागे पडल्यावर. १९८७ च्या प्रिलिमिनरी फायनलमध्ये स्टाइन्सने काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे.

निनाद_लालनिळा
ठाऊक आहे, आणि ते इथे येणार हेही ठाऊक होतं. हॉथॉर्नच्या बकनाराला फ्री किक मिळालेली होती, स्टाइन्स त्याच्यासमोरून धावत गेला, १५ मीटरचा दंड बसला. किक बरीच जवळ आली, सायरननंतर गोल झाला, मेलबर्न दोन गुणांनी हरलं. पण ते त्याचं पहिलंच वर्ष होतं. किक घेणाऱ्याच्या समोरून धावायचं नाही हा नियम ज्याच्या अंगात लहानपणापासून भिनलेला नाही, त्याच्याकडून दमलेल्या अवस्थेत झालेली ती चूक. त्यानंतरच्या चार वर्षांत तो ब्राउनलोपर्यंत पोचला.

आता बेंचकडे या. १९९१ मध्ये बेंचवर दोनच राखीव गडी असत. १९९४ ला तीन झाले, १९९८ ला चार. म्हणजे स्टाइन्स बहुतेक सामना मैदानावरच असायचा. २०२१ मध्ये संघाला ७५ बदल मिळत होते, आणि गॉन पुढच्या फळीत दम घ्यायला गेला की रकला ल्यूक जॅक्सन उभा राहायचा. सलग २४४ सामन्यांचं वजन बेंचच्या या आकड्यांसोबत मोजा.

मृण्मयी_कार्डिनिया
मी गीलाँगची, पण रकचा विषय आहे म्हणून बोलते. तुम्ही दोघंही मेलबर्नच्याच जेफ व्हाइटला विसरलात, हे बरं नाही.

व्हाइट १९५ सेंमीचा. आजच्या हिशोबाने रकमन म्हणून बुटकाच. त्याचं सगळं बळ उडीत. मधल्या बाउन्सला (पंच मध्यभागी चेंडू जमिनीवर आपटून वर उडवायचा तेव्हा) तो लांबून धावत यायचा, एका पायावर उडी घ्यायचा, दुसरा गुडघा वर, आणि दहा-बारा सेंमी उंच गड्याच्या डोक्यावरून चेंडू थापटायचा. २००४ मध्ये ऑल-ऑस्ट्रेलियन झाला तो याच खेळावर. पुढच्याच वर्षी मध्यभागी १० मीटर व्यासाचं वर्तुळ आखलं गेलं आणि रकमननी धाव त्याच्या आतूनच सुरू करायची असा नियम आला. नियमाचं कारण खरं होतं. दोन रकमन वेगात येतात, वाकलेल्या गुडघ्यावर गुडघा किंवा नडगी आदळते, नडगीचं हाड मागे ढकललं जातं आणि गुडघ्यातलं मागचं लिगामेंट फाटतं. अशा दुखापती वाढल्या होत्या. पण त्याची सर्वात मोठी किंमत व्हाइटसारख्या उडीवाल्यांनी मोजली. धाव तोडली की उंची आणि वजन जिंकतं.

यारा, थ्रो-इनचं तुम्ही बरोबर लिहिलंत, पण गॉन तिथे का जिंकतो ते राहिलं. बाउंड्रीचा पंच मैदानाकडे पाठ करून डोक्यावरून चेंडू मागे फेकतो. तिथे धाव नसतेच. चेंडू कुठे पडणार ते आधी ओळखायचं, ती जागा अंगाने धरायची, जवळच्या हाताचा पुढचा भाग समोरच्याच्या छातीला लावून त्याला एक पाऊल बाहेर ठेवायचं आणि लांबच्या हाताने टॅप. नजर चेंडूवरून काढून नुसतं अडवलं तर फ्री किक जाते. उडी घाईने मारली तर हवेत असतानाच ढकलले जाता. गॉन शेवटच्या क्षणापर्यंत दोन्ही पाय जमिनीवर ठेवतो, हे चित्रण सावकाश लावून बघा.

यारा_काठ
व्हाइटचं मान्य. पण मग हिटआउटचे (रकमनने जिंकलेल्या टॅपचे) आकडे गॉनच्याच बाजूने बोलतात ना?

मृण्मयी_कार्डिनिया
नुसत्या हिटआउटवर जाऊ नका. नॉर्थ मेलबर्नच्या टॉड गोल्डस्टीनने २०१५ मध्ये एका सामन्यात ८० हिटआउट केले, तो विक्रम आहे. पण टॅप नेहमी एकाच दिशेला जात असेल तर समोरचा मिडफिल्डर ती वाचून आधीच तिथे उभा राहतो, आणि तुमचाच हिटआउट त्याच्या हातात पडतो. आमच्या जुन्या रकमन पॉली फार्मरला गीलाँग अजून मानतं ते यासाठीच. तो चेंडू हातात घेऊन पुढे धावणाऱ्या सहकारी गॉगिनला हँडबॉल (मुठीने मारलेला पास) द्यायचा, म्हणजे चेंडू कुणाला मिळणार हे तो स्वतः ठरवायचा.

निनाद_लालनिळा
पटलं. फार्मरने हाताने जे केलं ते स्टाइन्सने पायांनी केलं, म्हणून मी त्यालाच वर ठेवतो.

आणि व्हाइटबद्दल एक. २०२६ पासून मध्यभागी चेंडू जमिनीवर आपटणं बंद होऊन पंच तो सरळ वर फेकतो. बाउन्स ओल्या गवतावर तिरका जायचा, तेव्हा उडीवाल्याची आखलेली धाव वाया जायची आणि जागेवर उभा असलेला जाडजूड गडी हात पुढे करून टॅप घ्यायचा. वर्तुळ १० मीटरचंच आहे, पण चेंडू कुठे चढणार हे आता आधीच ठाऊक असतं. १९५ सेंमीच्या एखाद्या पोराला क्लबने पुन्हा रकमध्ये उभं करून बघायला हवं.