मोबाइल नेटवर्कला ‘स्वदेशी’ कधी म्हणावे?

ऐरोलीकर:
सोसायटीच्या वाचनालयासाठी भित्तिपत्रक करतो आहोत. एका काकांनी लिहून दिलेले वाक्य असे: ‘भारताने पुढच्या पिढीचे स्वदेशी नेटवर्क उभारले.’ उदाहरण बीएसएनएलच्या ४जीचे, ज्याचे लोकार्पण २७ सप्टेंबर २०२५ ला ओडिशात झारसुगुडा इथे झाले. दोन्ही विशेषणे मला खटकतात. ‘देशी’, ‘स्वदेशी’, ‘भारतीय बनावटीचे’, ‘स्वविकसित’ यांतले काय घ्यावे?

नौपाडा:
‘पुढच्या पिढीचे’ काढाच. आपल्याकडे ५जी ऑक्टोबर २०२२ मध्येच सुरू झाले. हेच नेटवर्क पुढे ५जीपर्यंत नेता येते, तसे सरळ लिहा. ‘नव्या पिढीचे’ म्हटले तर वाचणाऱ्याला तरुण मुले आठवतील.

‘देशी’ही नको. देशी गाय, देशी कोंबडी, देशी केळी: हा शब्द वाण सांगतो. ‘स्वदेशी’त ठरवून केलेले असते. पुण्याचे सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, १८७७ च्या दिल्ली दरबारात खादी घालून गेले, त्याला कोणी ‘देशी कपडे’ म्हणत नाही.

घणसोलीकर:
ठाणे-बेलापूर रस्त्यावर याच क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नेटवर्क म्हणजे एकच वस्तू नव्हे. टॉवरवरचा रेडिओ, मागे कॉल आणि डेटा हाताळणारा कोअर, आणि या दोघांनी एकमेकांशी नि तुमच्या फोनशी कसे बोलायचे याचे नियम, म्हणजे मानक. बीएसएनएलच्या ४जीत कोअर सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचा, रेडिओ तेजस या भारतीय कंपनीचे, आणि सगळ्याची जुळणी टीसीएसची. आमच्याकडे याला ‘स्टॅक आपला आहे’ म्हणतात, म्हणजे एकावर एक रचलेले हे सगळे थर आपले. त्याला ‘स्वविकसित’ हा शब्द चोख बसतो. ‘भारतीय बनावटीचे’ तोकडे पडते, कारण परदेशी आराखड्यावरून इथे जोडलेला फोनही भारतीय बनावटीचाच असतो.

मानक मात्र जागतिक आहे, आणि ते तसेच हवे. चीनने ३जीसाठी टीडी-एससीडीएमए हे स्वतःचे वेगळे मानक काढले, २००९ मध्ये चायना मोबाइलला त्याचा परवाना दिला. ते चीनबाहेर फारसे पसरले नाही. आपल्या टीएसडीएसआयनेही, म्हणजे दूरसंचाराची मानके ठरवणाऱ्या भारतीय संस्थेने, ‘५जीआय’ हे ५जीचे मानक आणले होते. गावे एकमेकांपासून लांब, टॉवर कमी, तरी सिग्नल पोचावा हा त्यामागचा विचार. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ते मान्य केले आणि नंतर ते जागतिक ५जी मानकाच्या रिलीज १७ या आवृत्तीत सामावले गेले. मला यात हार दिसत नाही. आपल्या खेड्यांची गरज जगाच्या नियमांत लिहिली गेली.

नौपाडा:
पण नियम सगळ्यांचे असतील तर ‘स्वदेशी’ म्हणायचा हक्क राहतो का?

तळेगाव, मुक्काम वाशी:
राहतो. आमच्या तळेगावचा पैसा फंड काच कारखाना घ्या. लोकांकडून पैसा पैसा गोळा करून उभा राहिलेला. तिथे काम पाहणारे ईश्वरदास वार्ष्णेय काचेचे शास्त्र जपानला जाऊन शिकून आले होते. तरीही ती काच स्वदेशीच होती. विद्या कुठून आली यापेक्षा ती आता कुणाच्या हातात आहे, बिघाड झाला तर दुरुस्ती कोण करणार, बदल करायला कुणाची परवानगी लागणार, हे ‘स्वदेशी’त महत्त्वाचे.

घणसोलीकर:
पटले. ही कसोटी लावली तर या ४जीला ‘स्वदेशी’ बेलाशक म्हणा.

६जीबद्दल लिहिणार असाल तर क्रियापदाला जपा. सरकारचे ‘भारत ६जी’ दृष्टिपत्र मार्च २०२३ मध्ये आले, पण आयएमटी-२०३० या नावाने जगभर चाललेले ६जीच्या मानकाचे काम अजून पुरे व्हायचे आहे. तेव्हा ‘भारताने ६जी विकसित केले’ हे आज चूक. ‘६जीच्या मानकात भारत आपला वाटा उचलतो आहे’ असे लिहा.

ऐरोलीकर:
काकांना दाखवून वाक्य असे पक्के केले: ‘कोअरपासून रेडिओपर्यंत भारतात विकसित झालेले, ५जीपर्यंत नेता येणारे स्वदेशी ४जी नेटवर्क.’ ६जीचा मजकूर वेगळ्या चौकटीत, वर्तमानकाळात.